डेस्कटॉपवर टर्मिनल कोणतं वापरता? (लिनक्स, देवनागरीसकट)

पाचपाखाडी

नवा डेस्कटॉप जोडून घेतलाय. डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, वर केडीई डेस्कटॉप. सगळं लागलं, आता टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीवर, गाडी अडलीये. सोबत आलेलं कॉन्सोल आहेच, पण ऑफिसातली पोरं रोज नवं नाव सुचवतात. एक म्हणतो अलाक्रिटी, दुसरा किटी, तिसऱ्याला घोस्टीशिवाय जगात काही दिसतच नाही.

माझा वापर सांगते, म्हणजे सल्ला नेमका मिळेल. दिवसभर चार-पाच सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन), लॉग चाळणं, थोडं पायथन. शिवाय एक घरचं काम आहे. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची यादी सीएसव्हीत आहे, सगळी देवनागरीत. एका छोट्या स्क्रिप्टने ती टर्मिनलवर छापते. सध्या ती यादी अशी दिसते की रांगोळीवरून कोणीतरी पाय फरफटत गेलाय. रकाने जुळत नाहीत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते.

पारदर्शक खिडक्या, मागे धबधब्याचा फोटो वगैरे हौस नाही. "कुठलंही घ्या, काय फरक पडतो" हे उत्तरसुद्धा चालेल, फक्त कारण द्या.

रिकामटेकडा

शीर्षक वाचून वाटलं नवी मुंबई विमानतळाच्या टर्मिनलवर धागा आहे. पार्किंगचं विचारायला आलो होतो. चालू द्या.

टायलिंगवाला

अलाक्रिटी. विषय संपला.

२०१७ च्या जानेवारीत जाहीर झालं, रस्टमध्ये लिहिलंय, अक्षरं ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतं. टॅब नाहीत, स्प्लिट नाहीत आणि ते मुद्दाम नाहीत. ते काम टीमक्सचं (एका खिडकीत अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम) किंवा विंडो मॅनेजरचं. सगळ्या सेटिंग्ज एका फाइलमध्ये, नवीन मशीनवर ती फाइल टाकली की झालं. मोठा लॉग कॅट करून (अख्खा पडद्यावर ओतून) बघा, डोळ्याचं पातं लवायच्या आत पडदा शेवटाला पोचतो.

ट्रान्सहार्बर

"विषय संपला" असं ज्यात कोणी लिहितं तोच धागा शंभरी गाठतो.

मोठा लॉग कॅट करतंच कोण? पानापानाने दाखवायला लेस आहे, शोधायला ग्रेप आहे. पडद्यावरून सेकंदाला लाख ओळी धावल्या काय नि हजार धावल्या काय, वाचणारा डोळा तोच.

मी ऐरोलीला कामाला. कंपनीचं मशीन विंडोजचं, त्यामुळे सर्व्हरला जोडायला वर्षानुवर्षं पुटी. अजूनही कोणी पुटीला नावं ठेवली की राग येतो. एवढुशी एक फाइल, इन्स्टॉल करायला ॲडमिनच्या पाया पडावं लागत नाही. खोट एकच, राइट क्लिक केलं की थेट पेस्ट. आमच्याकडे एकाने क्लिपबोर्डवर अख्खा ईमेल असताना प्रॉडक्शनच्या खिडकीत राइट क्लिक केलं. मजकुरातली प्रत्येक ओळ कमांड म्हणून चालली. सुदैवाने "डिअर टीम" नावाची कमांड अस्तित्वात नाही.

तेव्हा पाचपाखाडीताई, बाकी काही बघा न बघा, अनेक ओळी पेस्ट करताना टर्मिनल थांबून विचारतं का ते बघा. विंडोज टर्मिनल विचारतं. वेगापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

मूषकद्वेष्टा

एक्सटर्म.

१९८४ पासून आहे, १९९६ पासून थॉमस डिकी हा एक माणूस ते सांभाळतोय. तुमची बहुतेक चकचकीत टर्मिनलं सर्व्हरला जाऊन "मी एक्सटर्म आहे" असंच सांगतात. मग अस्सलच का वापरू नये?

आणि वेगाचं म्हणाल तर दोन वेग वेगळे. एक, ढीगभर मजकूर ओतायचा. दुसरा, कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा. एलडब्ल्यूएन या लिनक्सच्या बातम्यांच्या साइटवर २०१८ मध्ये मोजमाप आलं होतं, त्यात दुसऱ्या वेगात एक्सटर्म आणि एमएलटर्म ही म्हातारी मंडळीच पुढे होती. बोटांना जाणवतो तो हाच वेग.

टायलिंगवाला

@मूषकद्वेष्टा, एक्सटर्मचा फाँट वाचायला भिंग कंपनी देते का?

मूषकद्वेष्टा

एक्सरिसोर्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या की फाँट हवा तसा होतो. पण त्यासाठी मॅन्युअल वाचावं लागतं, तुमच्या पिढीला ते जड जाणार.

घोडबंदरग्रस्त

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तसंही माजिवड्याच्या सिग्नलला आहे, अर्धा तास हलत नाही.

जुना_टेलिप्रिंटर

एक्सटर्मचा विषय निघाला म्हणून थोडं मागे जातो. (अवांतर वाटलं तर सोडून द्या.)

एक्सटर्म ज्याची नक्कल करतं ते यंत्र डेक कंपनीचं व्हीटी-१००, साल १९७८. म्हणजे आपलं गडकरी रंगायतन नि ते एकाच वयाचे. पडदा ८० रकाने, २४ ओळी. ८० कुठून आले? आयबीएमच्या पंचकार्डावर ८० रकाने होते, १९२८ पासून. आज अनेक टर्मिनलं नवी खिडकी उघडताना ८० रकान्यांची रुंदी धरतात त्यामागे ते पुठ्ठ्याचं कार्ड आहे.

मी एका बँकेच्या संगणक विभागात होतो. आमच्याकडे वाइजची टर्मिनलं, अंबर रंगाची अक्षरं, सिरिअल केबलने मशीनला जोडलेली. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. हिशोब करा: एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरं. पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद! त्या दोन सेकंदांत खातेदाराला "बसा" म्हणता यायचं. तुम्ही लोक मिलिसेकंदांवरून भांडताय, भांडा.

सीवूड्स_सई

काका, तुमचे प्रतिसाद वाचायला मिळावेत म्हणून तरी असे धागे निघावेत.

मी याकुआके वापरते. एक कळ दाबली की पडद्याच्या वरून टर्मिनल खाली उतरतं, परत दाबली की वर जातं. क्वेक खेळातल्या कन्सोलवरून घेतलेली कल्पना. ताईंकडे केडीई आहे, तर आतून ते कॉन्सोलच आहे, वेगळं काही शिकायला नको. नोम डेस्कटॉपमध्ये असाल तर ग्वाके.

आणि नवशिक्यांसाठी एक टीप, कारण माझ्या टीममध्ये दर महिन्याला कोणीतरी "टर्मिनल हँग झालं" म्हणत येतं. चुकून कंट्रोल-एस दाबला गेलाय. पडदा गोठतो. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतो. खिडकी मारून टाकायची गरज नाही.

रिकामटेकडा

कंट्रोल-क्यू!! आजवर अशा किती निरपराध खिडक्या मारल्या देव जाणे.

जुना_टेलिप्रिंटर

त्या दोन कळा आमच्याच काळातल्या. समोरचं यंत्र फार भराभर पाठवायला लागलं की "थांब" आणि "चल" सांगायला.

खारफुटी

मूळ प्रश्नातल्या देवनागरीकडे कोणी वळलंच नाही, म्हणून जरा सविस्तर. हे मी वाशी ते ठाणे लोकलमध्ये फोनवरून लिहितोय, टंकनदोष पोटात घाला.

टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी. एका अक्षराला एक घर, चिनी-जपानी अक्षराला दोन. देवनागरीत अक्षर म्हणजे काय हेच जाळीला कळत नाही. "तुर्भे" घ्या. आपल्या डोळ्याला दोन अक्षरं, तु आणि र्भे. युनिकोडमध्ये सहा: त, उकार, र, हलन्त, भ, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये (फाइलीत साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे अठरा. आणि लिनक्सची सी लायब्ररी या शब्दाला किती घरं देते? तीन. उकार, हलन्त, मात्रा यांना शून्य, बाकीच्यांना एकेक. म्हणजे एकाच स्टेशनाचे चार आकडे: २, ३, ६, १८.

आता तुमच्या स्क्रिप्टचं बघा. पायथनचं एलजस्ट शब्द रुंद करताना सहा मोजतं, टर्मिनल तीन. प्रत्येक ओळीत फरक वेगळा, कारण प्रत्येक शब्दात उकार-मात्रा कमीजास्त. रकाने मोडले ते इथे. टर्मिनल बदलून हे सुधारणार नाही.

त्यात आणखी गंमत. काना आणि वेलांटी यांना कोणी एक घर देतं, कोणी शून्य. त्यामुळे "ठाणे" एका ठिकाणी तीन घरं, दुसऱ्या ठिकाणी दोन. पायथनच्या डब्ल्यूसीविड्थ लायब्ररीनेही मधल्या एका आवृत्तीत हा हिशोब बदलला. स्क्रिप्ट एका पद्धतीने मोजते, टर्मिनल दुसऱ्या, की परत बोंब.

वेलांटीचा दोष मात्र टर्मिनलचा. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते, दाखवताना आधी काढावी लागते. ते काम शेपिंगचं. अलाक्रिटी शेपिंग करतच नाही, आलेली चिन्हं आली त्या क्रमाने मांडतं. मग वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटल्यासारखी दिसते. "डोंबिवली"चं काय होतं बघा: डोंबविली.

घोडबंदरग्रस्त

डोंबविली 😂😂 डोंबिवलीकरांनो, कुठे आहात?

फास्ट_डोंबिवली

आहोत. गाडीला लटकलोय म्हणून उशीर झाला. नावात वेलांटी कुठेही द्या, फक्त आम्हाला आत शिरू द्या.

टायलिंगवाला

@खारफुटी, मान्य, अलाक्रिटीत लिगेचरही (जोडून काढलेली अक्षरं) नाहीत, तो त्यांचा निर्णय आहे. पण टर्मिनलमध्ये मराठी वाचणारे कितीसे? मी आठ तास टर्मिनलमध्ये असतो, देवनागरी एकदाही येत नाही.

खारफुटी

धागाकर्तीला येते म्हणून तर तिने विचारलंय ना. फाइलींची नावं मराठीत ठेवणारेही आहेत. माझ्याकडे सगळ्या रेसिपी आणि सोसायटीच्या नोटिसा मराठी नावांनी आहेत. एलएस (फाइलींची यादी) केलं की कळतं.

पाचपाखाडी

बाप रे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांना धन्यवाद.

खारफुटी, तुमचं वाचून एक चाचणी-फाइल केली: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, आणि दुसऱ्या बाजूने दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. प्रत्येकापुढे एक आकडा. ही फाइल टर्मिनलांत छापून बघितली.

अलाक्रिटी: दिवा, दिघा आणि डोंबिवली तिन्ही गेले. मुंब्र्यातला ब्र फुटून ब चा पाय मोडका नि र सुटा. ऐरोली आणि घणसोली ठीक, कारण त्यात ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही.

एक्सटर्म: याच जातीचं, वर फाँट शोधण्यातच माझा तास गेला. (मूषकद्वेष्टा, मॅन्युअल वाचलं हो.)

कॉन्सोल: आधी वाईटच होतं. मग प्रोफाइलमध्ये अपिअरन्सखाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट असा टॅब सापडला. त्यात वर्ड मोड आहे आणि चक्क ब्राह्मी लिप्यांसाठी वेगळी खूण. दोन्ही लावल्यावर दिवा लागला! डोंबिवलीही जागेवर. शब्दामागे थोडी मोकळी जागा उरते, पण वाचता येतं.

रकाने मात्र अजून वाकडेच. खारफुटींचा हिशोब पटला, उपाय काय?

खारफुटी

एमएलटर्म पण बघा. नावच मल्टिलिंग्वल, भारतीय लिप्या डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या मोजक्या टर्मिनलांपैकी. दिसायला जुनाट आहे, सेटिंगची खिडकी गेल्या शतकातली वाटते. किटीवाल्यांनीही २०२५ मध्ये ०.४० आवृत्तीत एक प्रोटोकॉल आणलाय: हा मजकूर किती घरांत बसवायचा ते प्रोग्रॅमनेच टर्मिनलला सांगायचं. रोगाच्या मुळाशी जाणारा विचार आहे, पण प्रोग्रॅमांनी तो वापरायला हवा.

रकान्यांवर मी डब्ल्यूसीविड्थ सुचवणार होतो, पण मीच वर लिहिलंय की ते कधी जुळेल, कधी नाही.

जुना_टेलिप्रिंटर

ताई, मोजताच कशाला? आम्ही रकाना जुळवायला स्पेस मोजत बसत नसू. कर्सरला सांगायचं, अमुक रकान्यात जा, आणि मग लिहायचं. नाव छापून झालं की एस्केप, उघडा चौकोनी कंस, ४०, मोठा जी. कर्सर चाळिसाव्या रकान्यात. आधीच्या शब्दाने किती घरं खाल्ली याच्याशी देणंघेणं नाही. तो हिशोब टर्मिनल स्वतःच्या पद्धतीने करेल, बरोबर नाहीतर चूक. पुढचा आकडा जागेवरच पडेल.

सीवूड्स_सई

काका _/\_ वाखू (वाचनखूण) साठवली.

ट्रान्सहार्बर

काकांचा उपाय भारी, एक खोट सांगतो. तीच यादी लेसमधून बघितली की मोडणार. लेसला मोठा आर दिला तरी तो फक्त रंगांचे कोड पुढे सोडतो, कर्सर हलवणारे नाही. फाइलमध्ये वळवली तर कोड फाइलमध्ये जाऊन बसणार. अशा वेळी रकान्यांमध्ये टॅब टाका. अगदी सरळ नाही, पण वाचण्यालायक. किंवा स्क्रिप्टलाच विचारायला लावा की समोर टर्मिनल आहे की पाइप. इझएटीटीवाय, एका ओळीचं काम.

जुना_टेलिप्रिंटर

बरोबर. आमच्याकडे लेस नव्हतं, मोर होतं, आणि कागद होता.

तलावपाळी

उशिरा आलोय. नवीन टर्मिनल घेणाऱ्यांना सर्व्हरच्या बाजूने एक इशारा.

किटी सर्व्हरला आपलं नाव "एक्सटर्म-किटी" सांगतं, घोस्टी "एक्सटर्म-घोस्टी". जुन्या सर्व्हरच्या टर्मइन्फोत (ओळखीच्या टर्मिनलांच्या नोंदीत) ही नावं नसतात. लॉगिन होतं, पण टॉप किंवा नॅनो उघडायला जाल तर "हे टर्मिनल ओळखत नाही" म्हणून हात वर. बॅकस्पेस दाबला की अक्षर पुसायच्या ऐवजी जागा पुढे सरकते. रात्री अडीचला सर्व्हर पडलेला असताना हे झालं की टर्मिनल लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या आठवतात.

उपाय आहेत. किटीचं स्वतःचं एसएसएच किटन ती माहिती सोबत घेऊन जातं. हाताने करायचं तर इथून इन्फोकंपने काढून तिकडे टिकने बसवायची. पण जिथे तुम्हाला काही बसवायची परवानगीच नाही, तिथे टर्म व्हेरिएबलमध्ये एक्सटर्म-२५६कलर सांगून वेळ मारून न्या. कॉन्सोलमध्ये ही भानगड येत नाही, ते आधीच तसं सांगतं.

चार-पाच सर्व्हर आणि तेही दुसऱ्यांचे असतील तर माझ्यासाठी हा मुद्दा वेग, रंग, फाँट सगळ्याच्या वर.

टायलिंगवाला

घोस्टी कोणी नीट वापरलंय का? मिचेल हाशिमोतोचं, २०२४ च्या डिसेंबरात १.० आलं. मॅकवर मॅकसारखं वागतं, लिनक्सवर जीटीके, म्हणजे नोमचं टूलकिट. काही न लिहिता ठीक दिसतं, हे अलाक्रिटीबद्दल म्हणता येत नाही. (हो, मीच म्हणतोय.)

मूषकद्वेष्टा

आज सूर्य कुठून उगवला?

सीवूड्स_सई

मी मॅकवर वापरते, आवडलं. पण केडीईवर जीटीकेचं ॲप जरा परकं दिसतं. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) असाल तर फूट हे टर्मिनल बघा, फार हलकं आहे. सर्व्हर म्हणून चालू ठेवलं तर नव्या खिडक्या एकाच प्रोसेसमधून उघडतात.

रिकामटेकडा

एआयवालं टर्मिनल कोणी वापरतं का? वार्प की काय ते. मराठीत सांगितलं की कमांड लिहून देतं म्हणे.

ट्रान्सहार्बर

आमच्याकडे मनाई आहे. सुरुवातीला तर ते लॉगिन केल्याशिवाय उघडायचंच नाही, २०२४ च्या शेवटी ती अट काढली. टर्मिनल उघडायला खातं काढायचं ही कल्पनाच मला झेपत नाही. लॉगमध्ये ग्राहकांचा डेटा असतो, तो कुठे जातोय हे मला ठाऊक असायला हवं.

फास्ट_डोंबिवली

मी वापरतो आणि आवडतं. एफएफएमपेगचे (व्हिडिओ रूपांतर करणारी कमांड) पर्याय पाठ करायला आयुष्य पुरत नाही. घरच्या मशीनवर कसला ग्राहक नि कसला डेटा? सरसकट नाक मुरडू नका.

घोडबंदरग्रस्त

घरी पोचलो. टीमक्सबद्दल कोणीच धड लिहिलं नाही? पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून एकदा तरी हजेरी घेते. डेस्कटॉपला बॅटरी नाही. टर्मिनल कुठलंही असो, वीज गेली की एसएसएच तुटलं आणि अर्ध्यावर आलेलं काम मेलं. टीमक्स सर्व्हरवर चालवा, स्वतःच्या मशीनवर नाही. वीज आली, परत जोडलं, काम चालूच असतं. मागे जाऊन वाचायच्या ओळी त्यात मुळात २००० असतात, तेवढा आकडा वाढवून घ्या.

पाचपाखाडी

आता मूळ प्रश्नाचं. कॉन्सोलच ठेवतेय. वर्ड मोडमुळे मराठी वाचता येतं, तलावपाळी म्हणाले ते टर्मइन्फोचं झंझट नाही. याकुआके टाकलंय, एफ-१२ ची सवय एका दिवसात लागली. टीमक्स तीन सर्व्हरवर होतंच, चौथ्यावर मागून घेतलं. किटीच्या त्या प्रोटोकॉलवर लक्ष ठेवीन.

स्क्रिप्टमध्ये काकांचा मोठा जी टाकला. समोर टर्मिनल असेल तर कर्सर, नसेल तर टॅब. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट क्रमांक, तिन्ही रकाने सरळ उभे आहेत. नाव चाळीस घरांपेक्षा लांब असेल तर शेजारच्या रकान्याखाली गडप होतं, ते कापायला लावायचंय. पण कापताना मधूनच तोडलं तर हलन्त लोंबकळत राहतो.

खारफुटी

नुसत्या कोडपॉइंटवर (युनिकोडच्या सुट्या चिन्हावर) तोडू नका. पायथनमध्ये सोबत येणारं आर-ई नव्हे, रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज आहे, त्यात मोठा एक्स म्हणजे एक ग्राफीम, डोळ्याला दिसणारं एक अक्षर. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ ला, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्यामुळे पॅकेज जुनं असेल तर "ब्र"चे अजून दोन तुकडे करेल. मुंब्रा घालून तपासा.

तलावपाळी

फाँट कोणता ठेवलात शेवटी?

पाचपाखाडी

इंग्रजीला हॅक, १३ आकाराचा. देवनागरी नोटो सान्समधून घेतं. मुंब्रा तपासून सांगते.